भवानीचं गिऱ्हाईक

माझ्याकडं कॉम्प्युटरचे तीनशे बारा गेम आहेत. पुरे खेळून झालेले चार. उघडून बघितलेले असतील वीस-पंचवीस. उरलेले मी नुसते स्वस्तात घेतलेले आहेत.

एकात म्हणे आगगाडी चालवता येते. एकात मधमाश्या पाळता येतात. एक अख्खा रशियन भाषेत आहे, पण तो मला एकोणीस रुपयांना पडला, आणि एकोणीस रुपयांत आमच्या उमरग्यात दोन चहा होत नाहीत; मग रशियन येत नाही एवढ्यावरून सोडून द्यायचा का? बायको एकदा म्हणाली, "एवढ्याची भांडी घेतली असती तर निदान घासावी तरी लागली असती." मी तिला सांगायला गेलो की ह्यातला एकेक गेम त्याच्या आजवरच्या तळाच्या भावाला घेतलेला आहे, पण माझं वाक्य तळाला पोचायच्या आत ती कुकरकडं गेली.

ह्या रोगाचं मूळ आमच्या आईत आहे.

आमच्याकडं दुकानातल्या दिवसाच्या पहिल्या विक्रीला भवानी म्हणतात. शटर वर गेलं, पायरीवर पाणी पडलं, उदबत्ती लागली, की जे पहिलं गिऱ्हाईक येईल त्याला रिकाम्या हातानं परत धाडायचं नसतं. धाडलं तर दिवसभर धंदा बसतो. म्हणून भवानीला दुकानदार थोडी झळ सोसतो आणि आलेली नोट कपाळाला लावून गल्ल्यात टाकतो. बाकीचे लोक ह्याला श्रद्धा म्हणतात. आईनं त्याचं हत्यार केलं होतं. मला आणि अक्काला अंघोळ घालून ती दुकान उघडायच्या आधीच पायरीवर नेऊन उभी करायची. "भवानीचं गिऱ्हाईक हाय, बघून सांगा," असं म्हणून सांगितलेल्या किमतीच्या निम्मं मागायचं. दुकानदार हसला, की वस्तू खाली ठेवायची, चुकून ह्या दुकानात शिरलो असा चेहरा करायचा, वळायचं आणि तीन पावलं चालायचं. तिसऱ्या पावलाला मागून हाक येतेच.

यायचीच. मी आईचा पदर धरून पावलं मोजायचो, कारण मागं राहिलेली वस्तू बहुतेक वेळा माझी चप्पल नाहीतर माझं दप्तर असायचं. अक्का माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. ती पावलं मोजायची नाही. ती मान वळवून दुकानदाराच्या तोंडाकडं बघायची आणि कानापर्यंत लाल व्हायची.

गेम विकणाऱ्या दुकानांना शटर नाही, पायरी नाही आणि ती कधी उघडतात-मिटतात ते कळत नाही, ही माझी पहिली अडचण. दुसरी अशी, की वळून तीन पावलं चालायची तर कुठं? तरी मी चाललो. एक गेम टोपलीत टाकला, पैसे भरायच्या पानापर्यंत गेलो आणि खिडकी बंद केली. दोन दिवसांनी मेल आला: तुमची एक वस्तू टोपलीत राहिली आहे, ही घ्या पंधरा टक्क्यांची जादा सूट. मी स्वयंपाकघरात पळत जाऊन ओरडलो, "बोलावलं गं, बोलावलं!" बायकोला वाटलं लॅबमधून फोन आला. त्या दिवशी मी कायमचा बिघडलो.

लॅब म्हणजे मी एका खाजगी लॅबमध्ये रक्त तपासतो. सकाळी सातला उपाशीपोटी आलेली माणसं बाकावर वैतागून बसलेली असतात, आणि एक नमुना यंत्रात टाकला की दुसरा हातात घेईपर्यंतच्या दोन मिनिटांत मी भाव बघून घेतो. भावाचे आलेख दाखवणारी एक वेबसाइट आहे. कुठला गेम दोन वर्षांत कधी किती चढला, किती उतरला, सगळं रेघेत. टायफॉइडच्या पेशंटच्या तापाच्या तक्त्यासारखी ती रेघ असते. चढ, चढ, खाडकन उतार, परत चढ. ती बघितल्याशिवाय मला करमत नाही. बघितली तरी करमत नाही. बसलेलो असलो की माझा उजवा पाय आपोआप हलत असतो, आणि लॅबच्या टेबलावरच्या काचेच्या नळ्या बारीक वाजत असतात.

तर अशा माणसाला गेल्या वर्षी अक्कानं एक गेम घ्यायला सांगितला.

हा गेम आमचा जुना. आम्ही शाळेत असताना उमरग्यात कॉम्प्युटरचा एक क्लास निघाला होता. आईनं एकाच फीत दोघांना बसवलं होतं, एकाच खुर्चीवर. मास्तर बाहेर गेले की टायपिंग बाजूला राहायचं आणि आम्ही नावेचा गेम लावायचो. एक नदी, एक नाव, दोन माणसं, दोघांच्या हातात एकेक वल्हं. डाव्या बाजूची अक्षरं अक्काची, उजवीकडचे बाण माझे. दोघांनी एका लयीत वल्हं मारलं तर नाव सरळ जाते. एकानं घाई केली तर ती जागच्या जागी गिरकी घेऊन खडकावर आपटते. आमची कायम आपटायची. अक्का म्हणायची, "हळू मार की रे, बुडाला मुंग्या लागल्यात का?" नदी समुद्राला मिळते असं मास्तर सांगायचे. आम्ही समुद्र कधी बघितला नाही. पुढं अक्काचं लग्न झालं, मुरूमला, कापड दुकानवाल्यांच्या घरात. पुढं दुकान, मागं घर आणि मधल्या दारात बावीस वर्षं अक्का.

गेल्या वर्षी वरच्या फळीवरचा गठ्ठा काढताना ती शिडीवरून पडली आणि घोटा मोडला. उमरग्यालाच हाडाच्या डॉक्टरकडं आणलं होतं. प्लॅस्टर घातलं, सहा आठवडे पाय खाली टेकवायचा नाही म्हणून सांगितलं. मी तिला उचलून गाडीत बसवलं. मला वाटलं रडेल. तिनं माझा शर्ट धरून मला खिडकीतून आत ओढलं.

"तो नावेचा गेम परत नवा करून आलाय म्हणं. खरं हाय?"

"हाय. तुला कसं कळलं?"

"मोबाइलवर आलं. दुकानातला बिलाचा जुना लॅपटॉप पडलाय बघ घरी. तू घे तो गेम आन ये. खेळू." मग हळूच, दाजींना ऐकू जाऊ नये अशी, "बावीस वर्षांनी बसायला मिळालंय रे. तेबी हाड मोडलं म्हणून. प्लॅस्टर निघालं की परत दुकानात उभी. सहाच आठवडे हाईत."

"येतो की," मी म्हटलं. "घेतो आन येतो."

उमरग्याहून मुरूम अर्धा तास. हे वाक्य वाचणाऱ्यानं ध्यानात ठेवावं, कारण मी ते ठेवलं नाही.

घरी जाऊन गेमचं पान उघडलं. किंमत अकराशे नव्व्याण्णव. छापील! गेम येऊन तीनच महिने झाले होते. आलेखाची रेघ सरळ आडवी होती, एकदाही उतरलेली नव्हती, आणि जी रेघ एकदाही उतरली नाही ती आता उतरणारच, असं माझ्या तीनशे बारा गेमांचा अनुभव मला सांगत होता. गेम मी इच्छांच्या यादीत टाकला, सूचनेची घंटी चालू केली आणि अक्काला फोन करून सांगितलं, "थांब जरा. उतरंल."

"उतरू दे," अक्का म्हणाली.

पहिल्या आठवड्यात काही उतरलं नाही. मुरूमला जायचं तर गेम घेऊनच जाऊ, नुसतं केळी घेऊन काय जायचं, म्हणून मी गेलो नाही. दुसऱ्या आठवड्यात दहा टक्के उतरलं. दहा टक्के म्हणजे मला अपमान वाटला. त्याच वेळी एक म्हातारे गृहस्थ काउंटरवर येऊन साखरेचा रिपोर्ट मागत होते.

"किती आली साहेब?"

"दहा टक्के," मी फोनकडं बघत म्हटलं.

"दहा टक्के काय?"

"कमी झालीय."

"मंग थोडं गोडधोड चालंल म्हणा!"

"छ्या! लगेच घाई करायची न्हाय. चांगली निम्म्यावर येऊ द्या."

ते हात जोडून गेले. ते रस्त्याच्या पलीकडं पोचल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. हातमोजे घातलेलेच, मी खरा रिपोर्ट घेऊन हायवेवरच्या ट्रकांमधून त्यांच्या मागं पळालो. रिपोर्ट वाचून ते म्हणाले, "मघाचाच बरा होता."

अक्काचा रोज दुपारी फोन यायचा. एकच प्रश्न. "उतरला का?"

"उतरंल."

मागून तिच्या सासूबाईंचा आवाज यायचा, "उतरला का गं त्याचा ताप?" आणि अक्का त्यांना सांगायची, "न्हाय म्हणतोय." मला हसू यायचं. म्हटलं, म्हातारीला ऐकू कमी येतंय. मागं पाण्याचाही आवाज यायचा, खळखळ खळखळ. मुरूमला दुपारी रोज नळ येतो आणि आमच्याकडं आठवड्यातून एकदा, ह्याचं मला तेवढ्यातल्या तेवढ्यात वाईट वाटून जायचं. एकदा मुरूमचा एक माणूस रक्त द्यायला आला, बाही वर करता करता थांबला आणि म्हणाला, "तुमालाच ताप हाय म्हणं, आन तुमीच रक्त काढलालाव?"

तिसऱ्या आठवड्यात खरोखर उतरला. चाळीस टक्के. माझा अंगठा पैसे भरायच्या बटणावर गेलाही होता. पण मनात पन्नास धरलेले होते. चाळीसला जो उतरतो तो चार दिवसांत पन्नासला उतरतो, असं आलेख बघणारे सगळेच म्हणतात. मी खिडकी बंद करून तीन पावलं चाललो. म्हणजे खरंच उठून दारापर्यंत तीन पावलं चाललो. विक्री सोमवारी संपणार होती, पण त्यांच्या घड्याळातला सोमवार. तास मिळवायचे का वजा करायचे ह्यात माझी गल्लत झाली. चाळीस तर चाळीस, असं मन घट्ट करून मी पान उघडलं तेव्हा अकराशे नव्व्याण्णव परत जागेवर येऊन बसले होते.

त्या दिवशी लॅबमधल्या नळ्या इतक्या वाजल्या की डॉक्टरांनी विचारलं, भूकंप आहे का.

चौथ्या आठवड्यात मी एका अशा पानावर गेलो जिथं गेमचं नाव, गेमचं चित्र आणि पंच्याऐंशी टक्के सूट, तिन्ही एकाखाली एक होते. ह्या वेळी विचार केला नाही. घेतला. नव्वद रुपये! उतरवून घेतला आणि उघडला तर खेळायचं काहीच येईना, नुसतं वाजायला लागलं. मी गेम घेतला नव्हता. गेमचं संगीत घेतलं होतं. बावीस मिनिटांचं. वल्ह्यांचे आवाज, पाणी, मधेच बासरी. तेवढ्यात अक्काचा फोन आला आणि तिनं विचारलं, "हे काय वाजतंय? आला का गेम?"

"गेम न्हाय. नुसता आवाज आलाय."

माझ्याकडं पाणी खळखळत होतं, तिच्याकडं पाणी खळखळत होतं. अक्का बासरी संपेपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, "चांगला हाय आवाज." आणि फोन ठेवला.

इतका इशारा दगडालाही पुरला असता. मी तेव्हा पाचव्या आठवड्याच्या विक्रीचा अंदाज घेत होतो. ती विक्री झालीच नाही, आणि बघता बघता सहावा आठवडा संपत आला. सोमवारी प्लॅस्टर निघणार होतं.

शुक्रवारी एका ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला. तुळजापुरात लॉजांच्या गल्लीत एक मोबाइलचं दुकान, आत काचेच्या कपाटात गेमचे डबे. सोलापूरच्या कुठल्याशा बंद पडलेल्या दुकानाचा माल म्हणे त्यानं उचलला होता. फोटो मोठा करून बघितला. तिसऱ्या ओळीत, चार्जरच्या वायरीमागं, नाव, नदी आणि दोन माणसं. माझ्या अंगावर काटा आला. दुकान. खरं दुकान, शटरवालं! पायरीवालं! जिथं तीन पावलं चालता येतात!

शनिवारी रजा टाकून मी पहिल्या एसटीनं निघालो. गाडी नळदुर्गला चहासाठी थांबली तेव्हा मी ड्रायव्हरभोवती दोन फेऱ्या मारल्या. कंडक्टर म्हणाला, "आरतीला पोचायचंय का?" मी म्हटलं, "भवानीला." त्यांनी हात जोडले, मलाही जोडावे लागले.

साडेआठला दुकानासमोर उभा राहिलो. शटर खाली. पायरीवर बसलो. शेजारचा चहावाला बोलवत होता, पण मी उठलो आणि दुसरं कुणी पुढं घुसलं तर? सोलापूरकडच्या एक मावशी कुंकवानं भरलेल्या कपाळानं आल्या आणि मोबाइलची काच बसवायची म्हणून माझ्या पुढच्या पायरीवर उभ्या राहिल्या. मी एक पायरी चढलो. त्या एक चढल्या. शेवटी दोघंही शटरला पाठ लावून उभे. दुकानदार आला, वयानं माझ्याएवढाच, तो आम्हा दोघांकडं बघून म्हणाला, "अवो, उघडू तर द्या." त्यानं पाणी मारलं, उदबत्ती लावली, फोटोला ओवाळली. ती खोचेपर्यंतही मला धीर निघाला नाही.

"भवानीचं गिऱ्हाईक हाय. तो डबा काढा. तिसऱ्या ओळीतला."

"आठशे."

"शंभर."

"शंभरात त्याच्यावरची धूळ येती."

"ती पुसून ठेवा, तुम्हालाच ठेवा. दीडशे."

"भाऊ, सीलबंद हाय. लेबल बघा, साडेतीन हजार. न्यायचा तर पाचशे द्या."

मी डबा काचेवर ठेवला. चुकून ह्या दुकानात शिरलो असा चेहरा केला. वळलो. एक. मावशी पुढं सरकल्या. दोन. माझा जीव पस्तीस वर्षं मागं जाऊन आईच्या पदराला लोंबकळला. तीन.

"या, या, भवानी हाय म्हणून सोडतो. दोनशे द्या."

साडेतीन हजारांचा दोनशेला! त्यानं नोट कपाळाला लावली. मी डबा छातीला लावला. जगात त्या क्षणी माझ्याएवढा हुशार माणूस नव्हता, आणि तो तसाच चालत स्टँडपर्यंत गेला, बाकावर बसला आणि त्यानं सील फोडलं.

आत तबकडी होती. माझ्या लॅपटॉपला तबकडी घालायची जागाच नाही, हे मला तिथं बसून आठवलं. ठीक आहे, म्हटलं, कुणाकडून तरी जोड आणू. मग डबा उलटा केला. वरच्या कडेला मोठ्या अक्षरांत एक पट्टी होती. मी ती दुकानातही वाचली होती आणि कंपनीचं नाव समजून सोडून दिली होती. तो गेम टीव्हीला जोडायच्या खेळाच्या यंत्राचा होता. कॉम्प्युटरवर चालत नव्हता. असलं यंत्र माझ्याकडं नाही, अक्काकडं नाही आणि अख्ख्या मुरुमात कुणाकडं असेल तर मला माहीत नाही.

मी परत पळालो. मावशी काच बसवून घेत होत्या.

"भाऊ, हा दुसराच निघाला. परत घ्या."

दुकानदारानं डब्याला हातही लावला नाही. "भवानीचा माल परत घेतला तर माझा दिवस बसंल की. तुमीच म्हणलाव ना, भवानीचं गिऱ्हाईक?" मग त्याला माझी दया आली असावी. "ह्या मावशींच्या मागनं आला असताव तर घेतला असता बघा."

मावशी माझ्याकडं बघून हसल्या. मी वळलो आणि सवयीनं तीन पावलं चाललो. तिसऱ्या पावलाला खरंच मागून हाक आली, "ओ भाऊ!" मी केवढ्या आशेनं वळलो म्हणता.

"पिशवी राहिली तुमची."

स्टँडवर परत येऊन बसलो तेव्हा दुपार व्हायला आली होती आणि अक्काचा फोन वाजत होता.

"कुठं हाईस?"

"तुळजापुरात."

"दर्शनाला? बरं केलास. माझाबी नमस्कार सांग." मागं नळ आलेला होता. "परवा निघतंय प्लॅस्टर. दाजी म्हणले, लग्नसराईचा माल आलाय, दुकानात एकट्यानं होईना." मग, "उतरला का रे?"

मला आत्ता लिहितानाही सांगता येणार नाही की त्या वेळी मला नेमकं काय झालं. पाय हलायचा थांबला होता, एवढं आठवतं. मी म्हटलं, "येतोय मी. संध्याकाळच्या आत येतोय." फोन ठेवला, गेमचं पान उघडलं, किंमत अकराशे नव्व्याण्णव, आणि मी ती भरली. आयुष्यात पहिल्यांदा छापील किंमत. बटण दाबताना डोळे मिटले होते. स्वतःचं रक्त काढताना लोक मिटतात तसे. मग देवीच्या कळसाकडं बघून लांबूनच दोघांचा नमस्कार केला, कारण निदान ते तरी खोटं ठरू नये.

हायवेच्या फाट्यावर उतरलो. तिथून जीपनं मुरूम. दुकानात दाजी पाच गिऱ्हाइकांच्या मधे कापड मोजत होते. मला बघून त्यांनी मीटरपट्टीनंच मागचं दार दाखवलं. "आत जा, आत जा. दोघी नाव बुडवत बसल्यात."

मला वाटलं, माझंच.

आत खिडकीजवळ पलंगावर अक्का, प्लॅस्टरचा पाय कापडाच्या गठ्ठ्यावर. समोर पाटावर बिलाचा जुना लॅपटॉप. शेजारी सासूबाई, चष्मा नाकाच्या टोकावर, एका बोटानं बाण दाबत होत्या आणि एकेका दाबाला म्हणत होत्या, "निधान... निधान..." त्यांच्या घरात अर्धं बोलणं कानडी; निधान म्हणजे हळू. मराठीत त्याच शब्दाचा अर्थ ठेवा, खजिना. पडद्यावर नदी इतकी रुंद झालेली की काठ दिसत नव्हते, आणि नाव दोरीवर ठेवल्यासारखी सरळ चालली होती. पाणी खळखळत होतं. म्हणजे हा मुरूमचा नळ.

"कधी घेतलास?" मी दारातच उभा.

"तू गाडीत बसवलास का न्हाय, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"कितीला?"

अक्का एवढी हसली की तिचं वल्हं चुकलं. "हेच पयलं विचारणार म्हणूनच सांगितलं न्हाय. छापील किमतीला घेतला, जा! कापड दुकानवाल्याची बायको हाय मी. आईसारखी रोज पन्नास जणी बघते, निम्म्याला मागून पाठ फिरवणाऱ्या. म्हटलं, एकदा आपण मुकाट मागतील तेवढं देऊन बघावं, कसं वाटतंय."

"कसं वाटलं?"

"बरं वाटलं रे. त्याला हाक मारायला लागली न्हाय."

मी पलंगाच्या कडेला टेकलो. "मग रोज फोन करून उतरला का, उतरला का, का विचारायलीस?"

"गेमचं कोण विचारलालंय? तू फाट्यावर उतरला का, ते विचारलाले."

पडद्यावरची नाव आपली चालली होती. मी पिशवीतला डबा बाहेर काढणार होतो, तो तसाच आत ढकलला. खिशातल्या फोनमध्ये अकराशे नव्व्याण्णवचा होता, तोही तिथंच राहू दिला. पुढं त्याचा भाव उतरला का, ते मी इथं लिहिणार नाही. अक्का हे वाचणार आहे.

तेवढ्यात सासूबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "या भाऊ. लई दिवस काढले की हो तुमच्या तापानं. उतरला का?"

मी अक्काकडं बघितलं. अक्का पडद्याकडं बघत होती, आणि तिचे कान लाल झाले होते, लहानपणी दुकानदाराच्या तोंडाकडं बघताना व्हायचे तसे. अर्ध्या तासावरचा भाऊ सहा आठवडे का आला नाही, हे घरात रोज कुणीतरी विचारत असणार, आणि रोज तिनं मला ताप आणला होता.

"उतरला, मावशी," मी म्हटलं.

"मग बसा. मी च्या टाकते. समुद्र येईलच आता, नुसतं सरळ ठेवा." त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि त्यांची जागा मला दिली. बाणांच्या कळा गरम होत्या. अक्कानं डावं वल्हं मारलं. मी उजवं मारलं. तिनं मारलं. मी दोनदा मारलं.

"हळू," अक्का म्हणाली.

"हळूच मारतोय."

"पाय थांबव आधी. पलंग हलतोय."

मी पाय दाबून धरला, तर बाणावरचं बोट सुटलं. नावेनं एक गिरकी घेतली, मग दुसरी, आणि एवढ्या मोठ्या नदीत होता नव्हता तेवढा एकमेव खडक शोधून ती त्याच्यावर आपटली. अक्कानं डोकं मागं भिंतीला टेकवून डोळे मिटले. हसत होती का ते दिसलं नाही.

चहाचे कप ठेवता ठेवता सासूबाईंनी पडद्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. पदराला हात पुसून त्यांनी उलटा तळवा माझ्या कपाळाला लावला आणि जरा वेळ तसाच ठेवला.

"न्हाय गं," त्या अक्काला म्हणाल्या. "हाय अजून थोडा."